मुलांच्या कागदावरील शास्त्रज्ञ

डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शास्त्रज्ञाचे चित्र काढावयास सांगितलेल्या ४,८०७ मुलांपैकी अवघ्या २८ जणांनी स्त्री रेखाटली. त्या साऱ्या मुलीच होत्या. बाकी कागदांवर वारंवार तोच पांढरा डगला, चष्मा, दाढी.

ही प्रतिमा चित्रपट-मालिकांनी घट्ट केली. १९९७ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘शक्तिमान’मधील दुष्ट, विक्षिप्त डॉ. जॅकाल आठवावा. तो पाहणारी बालके आज आईबाप झाली आहेत.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आठवी आज्ञा. कल्पित पात्राची कसली साक्ष, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या बालकाने खरा शास्त्रज्ञ पाहिलाच नाही, त्याच्यापुढे दुसरा साक्षीदार कोण?

ऑगस्टिनियन मठवासी ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ पासून सुमारे आठ वर्षे ब्रनोच्या मठात वाटाण्याची हजारो रोपे वाढवून मोजली. (असली मोजणी पडद्यावर कोण दाखवील?) १९२७ साली विश्वाच्या प्रसरणाचा विचार मांडणारे जॉर्ज लमेत्र तर धर्मगुरूच होते.

आणि आम्ही? प्रवचनात अहंकाराचे उदाहरण हवे झाले की आम्हीही विज्ञानाकडेच बोट दाखवीत आलो. धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीने विचारले, “फादर, शास्त्रज्ञ झाले तर मिस्साला येता येईल ना?” आम्ही हसलो. ते हसणे अद्याप बोचते; तिला तशी शंका यावी, यात आमचाही हात होता. पुढील रविवारी तिला मेंडेलची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “मोजताना चुकले तर पुन्हा पहिल्यापासून मोजत असतील?”