दयेचा पिंजरा

सज्जनहो, चिखलदऱ्याला देवी पॉइंटवर दर्शन घेऊन निघालो की वानरे वाट अडवतात. आपण त्यांना हनुमंताचे रूप मानतो आणि पिशवीतला बिस्किटाचा पुडा पुढे करतो. भूतदया घडली म्हणून मन सुखावते. पण ही दया वानराच्या हिताची, की आपल्याच समाधानाची?

एक दूरची हकिकत ऐका. ब्राझील देशात रिओ दि जानेरोजवळच्या रानात सोनेरी आयाळीचे, जेमतेम अर्ध्या किलोचे एक माकड राहते. त्याला टॅमरिन म्हणतात. जंगल तुटले, पाळण्यासाठी माकडे धरली गेली आणि 1970 नंतर ती दोनशेच्या आसपास उरली. तेव्हा देशोदेशींच्या प्राणिसंग्रहालयांनी पिंजऱ्यात त्यांचा वंश वाढवला आणि 1984 पासून ती पुन्हा रानात सोडली. पहिल्या खेपेतली बरीच दगावली. आयते खाऊन वाढलेल्या त्या जिवांना फळ हुडकता येईना, हलत्या फांदीवरून नीट जाता येईना. माणसांनी काही काळ रानातही खाणे पुरवले, मग हळूहळू हात आखडता घेतला. रानात जन्मलेली त्यांची पिल्ले मात्र तगली. आज तिथल्या रानातली सुमारे एक तृतीयांश माकडे त्याच वंशातली आहेत.

मग जीव कोंडणे हे पुण्य म्हणावे का? कोंडलेल्या एकेका माकडाला तो बंदिवासच होता. वंशासाठी त्याचा जन्म खर्ची पडला, आणि ही वेळ त्याच्यावर माणसानेच आणली होती. म्हणून मला वाटते, पिंजऱ्याचे दार शेवटी रानाकडे उघडणार असेल तरच त्याला दया म्हणावे. त्यासाठी रान मात्र शिल्लक हवे. त्या माकडांसाठी ब्राझीलने 1974 साली अभयारण्य राखले. आपला मेळघाट व्याघ्र प्रकल्पही त्याच वर्षीचा.

कोणी म्हणेल, दारी आलेल्याला विन्मुख कसे पाठवावे? नाथ महाराजांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला काशीची गंगा पाजली. त्याची गरज ओळखून दिले, पण त्याला आपल्या दावणीला बांधले नाही. चिखलदऱ्याच्या वानराला मेळघाटचा पाला, फुले, फळे देवाने दिलीच आहेत. आपल्या पुड्याने ते रान सोडून रस्त्यावर येते, गाडीखाली सापडते. गज नसले तरी तोही पिंजराच.

माउली, पुढच्या खेपेला पुडा पिशवीतच राहू द्या. वानराला दुरून हात जोडा, नाम घ्या आणि त्याचे रान त्याला राहू द्या.

रामकृष्ण हरी!