‘चालकविरहित’ : एका समासाचा नैतिक विचार

‘चालकविरहित’ या तृतीया तत्पुरुषात, जो नाही त्याचा निदान उल्लेख असतो. डिसेंबर 2023 मध्ये नागपुरात नितीन गडकरी यांनी अशा मोटारी भारतात येऊ देणार नाही असे सांगितले, तेव्हा आधार चालकांच्या रोजगाराचाच होता. गडचिरोलीत मात्र यंत्र या नावाने आलेच नाही. एटापल्ली तालुक्यातील हेडरीपासून चामोर्शी तालुक्यातील कोनसरीपर्यंतच्या सुमारे 85 किलोमीटर लांबीच्या नळवाहिनीचे उद्घाटन जुलै 2025 मध्ये झाले. सुरजागडचे दळलेले लोहखनिज पाण्यात कालवून तिच्यातून वाहून नेले जाते. ‘नेले जाते’ : कर्मणी प्रयोगाची सोय अशी, की कर्ता विचारावाच लागत नाही. खनिजाच्या ट्रकांनी आलापल्ली–आष्टी मार्गावर माणसांचे बळी घेतले आहेत. तेथील रहिवाशाला ही सुटका वाटली तर ती नाकारण्याचा अधिकार कोणा समीक्षकास नाही. परंतु त्याच पट्ट्यातला एखादा तरुण त्या ट्रकवर पोट भरत असेल, तर त्याची बाजू कोणत्या शब्दात मांडावी? ‘चालक’ हे नामाभिधान तसे उदारच (‘अक’ प्रत्ययाने दिलेले कर्तेपण!), खेपा किती करायच्या, हे त्याने कधी ठरवले नव्हते. स्वयंचलित मोटारीविषयी त्याचे मत विचारता येते, कारण तेथे रिकामे आसन दिसते. नळवाहिनीत आसनच नाही, आणि म्हणून त्याला कोणी काही विचारलेलेही नाही.