मुकादमाच्या डब्यातली पंगत

१८६५ सालची गोष्ट. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणाऱ्या रेल्वेचं काम दोन टोकांनी चाललं होतं. पश्चिमेकडून निघालेल्या सेंट्रल पॅसिफिकच्या मजुरांवर जेम्स स्ट्रोब्रिज हा मुकादम होता. दणकट, तापट, तोंडानं शिवराळ. सुरुंगात एक डोळा गेलेला. त्याच्याकडे माणसं टिकत नव्हती, पगार झाला की चांदीच्या खाणींकडे पळायची. चार्ल्स क्रॉकर हा मालकांपैकी एक. तो म्हणाला, "चिनी मजूर घेऊन बघ." स्ट्रोब्रिजनं साफ नकार दिला. ही किडकिडीत माणसं डोंगर कसला फोडणार? चीनची भिंत यांच्याच पूर्वजांनी बांधली, असं क्रॉकरनं त्याला सुनावल्याचं सांगतात. अखेर पन्नास जण घेतले, तेही परीक्षेपुरते.

पन्नासांचे दहा हजारांवर झाले. सिएरा नेवाडाच्या माथ्यावर १,६५९ फुटांचा बोगदा खोदायचा होता. कातळ असा, की दिवसाला जेमतेम फूटभर सरकावं. १८६३ साली खुल्या झालेल्या आपल्या बोरघाटातल्या रेल्वेमार्गावर ज्यांचे पूर्वज राबले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. हिमकडे कोसळून माणसं गाडली जायची, प्रेतं बर्फ वितळल्यावर सापडायची. कामावर खांद्यावरच्या कावडीतून चहाची छोटी पिंपं यायची. पाणी उकळलेलं, म्हणून ही माणसं पोटाच्या रोगानं कमी आजारी पडली.

१८६७ च्या जूनमध्ये त्यांनी संप केला. मागणं साधं होतं: गोऱ्यांइतका पगार आणि कमी तास. क्रॉकरनं शिधा बंद केला आणि आठवड्याभरात उपाशी पोटांनी संप मोडला. हे गाळून ही गोष्ट सांगणं म्हणजे त्यांची दुसऱ्यांदा उपासमार करणं.

२८ एप्रिल १८६९ ला एका दिवसात दहा मैल रूळ पडले. ते रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश मजुरांची नावं नोंदली गेली. सोबतच्या हजारो चिन्यांची नाहीत.

मग १० मे उजाडला. युटामधल्या प्रोमोंटरीला दोन इंजिनं समोरासमोर उभी राहिली. सेंट्रल पॅसिफिकचा अध्यक्ष लेलँड स्टॅनफर्डच्या हस्ते सोन्याचा खिळा बसवायचा होता, त्यासाठी स्लीपरला आधीच भोक पाडून ठेवलं होतं. सोनं घणाचा घाव कुठून सोसणार! समारंभ आटोपताच खिळा काढून घेतला, ती शोभेची स्लीपरही काढली. जागी साधं लाकूड घातलं आणि लोखंडाचे खिळे ठोकले. गाड्या धावल्या त्या यांच्यावरून.

त्या दिवशीचा सगळ्यात मोठा प्रसंग मात्र, माझ्या मते, रुळांवर घडलाच नाही. काम संपल्यावर स्ट्रोब्रिजनं तिथल्या चिनी मजुरांना आपल्या डब्यात जेवायला बोलावलं. ते आत आले तेव्हा बसलेल्या पाहुण्यांनी आणि अधिकाऱ्यांनी त्यांचा जयजयकार केला. चार वर्षांपूर्वी ज्यानं त्यांना दारात उभं करायला नकार दिला होता, त्याच्याच घरची ही पंगत.

एक माणूस बदलला, देशाला वेळ लागला. १८८२ मध्ये चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी करणारा कायदा झाला. सोन्याचा खिळा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. बहुतेक चिनी मजुरांची नावं कंपनीच्या पगारपत्रकात नाहीतच, कारण पगार टोळीप्रमुखाच्या नावे लागायचा. २०१४ मध्ये अमेरिकी कामगार खात्यानं आपल्या सन्मानदालनात त्या सगळ्यांना मिळून एक जागा दिली. रूळ जोडले गेल्याला तेव्हा १४५ वर्षं झाली होती.