शब्द : किल्ली की कृपादान?

कोल्हापूरच्या खासबाग मैदानाला लागूनच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली, ते ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभे राहिले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याला आग लागली तेव्हा सारे शहर हळहळले. या रंगमंचावर खलनायक कितीदा तरी खोटे बोलले असतील. पण त्या नटांना असत्यवादी कोणी म्हटले नाही. शब्द नाटककाराचे आहेत हे प्रेक्षक जाणून असतो.

आज आपली मुले घरबसल्या निराळे नाटक करतात. ‘रोल-प्लेइंग गेम’ या नावाच्या संगणकीय खेळांत पडद्यावरचे पात्र काही बोलते आणि उत्तरादाखल तीन-चार वाक्ये समोर येतात. त्यांतले एक खेळणाऱ्याने निवडायचे असते. वाक्ये दुसऱ्याने लिहिलेली, निवड मात्र आपली. पडद्यावरच्या बाहुलीला थाप मारल्याने कोणी फसत नाही, म्हणून ते पाप ठरत नाही. तरीही नटाला न पडणारा एक प्रश्न येथे उरतोच : आपण हेच वाक्य का निवडले?

‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ (१९९९) या खेळात काही ठिकाणी एकच विधान दोनदा दिलेले असते, एकावर ‘सत्य’ अशी खूण, दुसऱ्यावर ‘असत्य’ अशी. ऐकणाऱ्याच्या कानी पडणारे शब्द तेच. फरक बोलणाऱ्याच्या अंतःकरणात. संत अगस्तीनने इ. स. ३९५ च्या सुमारास असत्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यातही असत्याचा निवाडा बोलणाऱ्याच्या हेतूवरूनच केला आहे.

‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) मध्ये मन वळवणे, थाप मारणे आणि धमकावणे ही तीन निरनिराळी कौशल्ये आहेत. तिन्ही ‘करिश्मा’ या एकाच गुणावर अवलंबून असतात. वीस बाजूंच्या फाशाने हवा तो आकडा दिला की समोरचा वश! हा ‘करिश्मा’ शब्द आपल्या परिचयाचा आहे. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पवित्र आत्म्याच्या कृपादानांसाठी तो वापरला आहे. ही दाने सर्वांच्या हितासाठी दिलेली असतात, असे तो सांगतो. आणि पुढच्याच अध्यायात, प्रीती नसेल तर वक्तृत्वही पोकळ, असा निर्वाळा देतो.

मग सत्य बोलले की पुरे झाले काय? ‘फॉलआउट’ (१९९७) या खेळात अखिल मानवजातीला एका नव्या वंशात बदलू पाहणारा ‘मास्टर’ भेटतो. या वंशाला संतती होणार नाही, हे पुराव्यानिशी पटवून दिले तर गोळी न झाडता तो हरतो. पण हे सत्य ऐकून तो आपल्या तळासह स्वतःचाही अंत करतो. सत्य जिंकते, ऐकणारा मात्र वाचत नाही. खेळात तो शत्रूच असतो. आपल्या घरात, सोयरिकीच्या बैठकीत, धर्मग्रामाच्या सभेत समोर आपलाच माणूस असतो. तेथेही खऱ्या शब्दाने कोणाला तरी कायमचे खाली पाहायला लावणारे आपण कमी नाही.

खेळात शब्द ही किल्ली आणि समोरचे पात्र हे कुलूप. माणूस कुलूप नव्हे. त्याला नकार देण्याचे स्वातंत्र्य देवाने दिले आहे. डाव फसला तर खेळ मागे नेता येतो. बोललेला शब्द मागे नेता येत नाही. पापनिवेदनात क्षमा मिळते, पण दुखावलेल्या माणसाकडे आपल्यालाच जावे लागते.

म्हणून ‘किती वेळ खेळलास?’ एवढेच मुलांना न विचारता, ‘त्या पात्राला काय सांगितलेस, आणि का?’ असेही विचारू या. रात्रीच्या प्रार्थनेत विवेकाची तपासणी करताना तोच प्रश्न आपण मोठ्यांनीही स्वतःला विचारला, तर मुलांपुढे तो मांडण्याचा अधिकार आपल्याला लाभेल.