दोन ठिपक्यांच्या मधलं

"झोपताना गुळाचा खडा खाते हल्ली. रात्री साखर ६६ वर येते ना माझी."

आई फोनवर हे इतक्या सहज बोलली की क्षणभर माझ्या लक्षातच आलं नाही. मग मी विचारलं, "रात्री कधी मोजलीस तू?"

"मी कुठे मोजतेय? तुझं अ‍ॅपच सांगतं की!"

ते अ‍ॅप मी तिच्यासाठीच लिहिलं होतं. ग्लुकोमीटरवर आलेला आकडा रोज एकदा टाकायचा. अ‍ॅप ठिपका काढतं आणि ठिपके रेषेने जोडतं. ७० वर एक लाल रेघ, कारण त्याखाली साखर गेली तर ती कमी धरतात. गणपतीतले तिचे चार दिवसांचे आकडे होते २२०, ८२, ८४ आणि २१४. पहिला जेवणानंतरचा, मधले दोन सकाळचे उपाशीपोटी, शेवटचा मोदकांनंतरचा. यात ६६ कुठेच नाही. तरी ८२ आणि ८४ च्या मधे, बरोबर रात्रीच्या जागी, माझी रेषा लाल रेघेखाली बुडी मारून वर आली होती. बोट ठेवलं की तिथला आकडा दिसावा, ही सोयही माझीच.

हे कसं झालं ते सांगतो, कारण त्या रात्रीपासून मला छळणारा प्रश्न त्यातच आहे.

स्क्रीन म्हणजे बारीक चौकोनांची जाळी. त्यावर तिरकी रेषा काढायची तर कुठले चौकोन रंगवायचे? आयबीएममधल्या जॅक ब्रेसनहॅम यांनी याची एक सुंदर रीत शोधली, ती १९६५ मध्ये छापून आली. एकेक पाऊल पुढे जायचं आणि दर पावलाला खऱ्या रेषेच्या सगळ्यात जवळचा चौकोन निवडायचा. फक्त पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, म्हणून अतिशय वेगवान. पण इथे चौकोन एक तर काळा, नाहीतर पांढरा. त्यामुळे रेषा जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते.

पायऱ्या घालवायच्या तर चौकोनांना अर्धवट रंग द्यावा लागतो. याला अँटी-अलायझिंग म्हणतात. शाओलिन वू यांची १९९१ ची पद्धत समजायला सोपी आहे. समजा, रेषा एका जागी ५.२५ उंचीवरून जातेय. मग पाचव्या ओळीतल्या चौकोनाला पाऊण शाई, सहाव्या ओळीतल्याला पाव. डोळ्याला सलग रेषा दिसते. तुम्ही आत्ता वाचताय त्या अक्षरांचा स्क्रीनशॉट काढून भरपूर मोठा करून बघा. 'ळ'च्या वळणांच्या कडेला करडे चौकोन सापडतील.

मी बरीच वर्षं समजत होतो की गुळगुळीत करणं म्हणजे थोडं खोटं बोलणंच. मेकअपसारखं. पण या करड्या चौकोनांकडे नीट बघितलं तर उलटंच आहे. रेषा नेमकी कुठून जाते हे आपल्याला ठाऊक असतं, जाडीभरडी असते ती स्क्रीन. काळा-पांढरा चौकोन ५.२५ चं सरळ ५ करून टाकतो. पाऊण आणि पाव शाई तो उरलेला पाव भाग सांभाळून ठेवते. म्हणजे जिन्यापेक्षा ही गुळगुळीत रेषा जास्त खरी.

आईच्या आलेखात मी केलं ते वेगळं होतं. ठिपके सरळ रेघांनी जोडले तर कोपरे टोचतात, म्हणून मी कॅटमल-रॉम वक्र वापरला. १९७४ चा, ग्राफिक्समध्ये सर्रास वापरला जाणारा. तो प्रत्येक ठिपक्यातून जातो, म्हणून मला प्रामाणिक वाटला होता. पण एखाद्या ठिपक्यातून किती उतारावर जायचं हे तो शेजारच्या दोन ठिपक्यांवरून ठरवतो. २२० वरून घसरत आलेली रेषा ८२ ला थांबत नाही. घाट उतरणाऱ्या गाडीसारखी ती आणखी खाली जाते, आणि पुढे २१४ गाठायचे म्हणून वळून वर येते. बरोबर मध्यावर हिशेब केला तर येतात ६६.२५. गणित चोख आहे. त्या रात्री आईची साखर ६६ झालीही असेल, किंवा १०० असेल. मोजली कुणी होती?

सुदैवाने गुळाच्या खड्यावरच निभावलं. तिने गोळी आपल्या मनाने अर्धी केली असती तर? चारही आकडे खरे होते, एकही ठिपका मी हलवला नव्हता. तरी मी खोटं बोललो होतो, आणि आईने ते माझं म्हणून जास्तच विश्वासाने घेतलं होतं.

हाच वक्र दुसरीकडे अगदी निर्दोष असतो. मोटारीचं अंग रेखाटायला सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे जे वक्र शोधले, त्यांच्या कुळातले वक्र आज अक्षरांच्या फॉन्टमध्ये आहेत. 'ळ'चं वळण कसं असावं हे अक्षर काढणारा ठरवतो. दोन बिंदूंच्या मधलं वळण त्याच्या मनातलंच असतं, म्हणून तिथे रेषा खोटी पडत नाही. आईच्या दोन सकाळींमधली रात्र मात्र माझ्या मनातली नव्हती. ती तिच्या शरीरातली होती.

म्हणून आता मी कुठल्याही गुळगुळीत रेषेला एकच प्रश्न विचारतो: तू माहीत आहे तेवढंच सांगतेस, की त्याहून जास्त?

ऑफिसमधल्या मित्राने उपाय सुचवला. १९८० पासून फ्रिच आणि कार्लसन यांची रीत आहे, तिच्यात वक्र असा ठिपक्यांच्या खाली घसरत नाही. खरंच आहे, ६६ दिसला नसता. पण ८२ पासून ८४ पर्यंत शांत, सुरेख रेषा दिसली असती, आणि रात्र निवांत गेली असं आईने मानलं असतं. भीतीच्या जागी दिलासा, पण तोही न मोजलेलाच.

शेवटी मी रेषाच काढून टाकली. आता नुसते ठिपके आहेत. ज्या दिवशी मोजलं नाही, तिथे रिकामी जागा. ठिपक्यांच्या कडा मात्र छान गुळगुळीत ठेवल्यात, त्याला माझी हरकत नाही.

आईला हे आवडलेलं नाही. "सगळं तुटक तुटक दिसतं रे. आधीचं किती छान होतं." मी म्हटलं, मधलं आपल्याला माहीत नाही, म्हणून तुटक. त्यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे रात्री उठून मोजायला हवं एकदा."

डॉक्टरांना विचारून तिने गजर लावला. पहाटे तीनचा.