बाकी काही नाही गं



परगावी राहणाऱ्या लेकीला आईचा फोन येतो. बाबांचं बीपी आता आटोक्यात आहे, गवार फार महागली, काकूच्या सुनेला दिवस गेलेत, मागच्या दारची अबोली यंदा भरभरून फुलली आहे. ‘बाकी काही नाही गं’ म्हणून आई आणखी दहा मिनिटं बोलते.

या बातम्यांना मी क्षुल्लक म्हणणार नाही. त्या सांगून आई लेकीचं घरातलं पान मांडलेलं ठेवते. घरात काय चाललंय हे जिला रोज कळतं, ती त्या घराला पाहुणी होत नाही.

फोन नव्हते तेव्हा हे बोलणं जात्यावर होई. हेमा राईरकर, गी पॉइटवँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माय-लेकींच्या ओव्या कितीतरी आहेत. न्यायला मुऱ्हाळी येईपर्यंत माहेरची खुशाली कळायची नाही, तेव्हा पहाटे दळताना सासुरवाशीण आईशी मनातलं बोलून घेई. आज आई खरोखरच ऐकायला असते, हे केवढं भाग्य!

आणि एक. स्वतःची बातमी आई सगळ्यात शेवटी, फोन ठेवता ठेवता सांगते: ‘गुडघा जरा धरलाय, पण तू काळजी करू नकोस.’ खरी बातमी ती असते. लेकींनो, आणि लेकांनो तुम्हीसुद्धा, आज ती आपणहून विचारा.