जोत्याचे देणे

दिवाळी जवळ आली की घराघरांतून सामानाची हलवाहलव सुरू होते. पूर्वेच्या भिंतीला लागलेला पलंग पश्चिमेला जातो, माळ्यावरची भांडी खाली येतात, भिंतींना नवा रंग चढतो. ह्या साऱ्या धामधुमीत एका गोष्टीला मात्र कोणी हात लावीत नाही. ती म्हणजे घराचे जोते. भिंत पाडता येते, खिडकी मोठी करता येते. पण जोते हलवायचे म्हटले की जुना जाणता गवंडीही हातातली थापी खाली ठेवून विचारात पडतो. वर माणसे राहत आहेत, आणि ती आपल्या भरवशावर झोपलेली आहेत, हे त्याला ठाऊक असते.

जोते हलवायचेच झाले, तर वर राहणाऱ्यांचे आपण काय देणे लागतो? हा प्रश्न आता गवंड्यांपुरता उरलेला नाही. तो आपल्या कचेऱ्यांत, शाळांत, दुकानांत कॉम्प्युटरच्या रूपाने येऊन बसला आहे.

कॉम्प्युटरलाही एक जोते असते. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. पत्रे लिहिण्याचा वर्ड, हिशेब मांडण्याचा एक्सेल, पगारपत्रक काढण्याचा एखादा प्रोग्रॅम, ही सारी त्या जोत्यावर बांधलेली घरे होत. फाइल उघडायची असो, कागद छापायचा असो किंवा पडद्यावर एक अक्षर उमटवायचे असो, प्रत्येक वेळी ह्या घरांना खालच्या जोत्याकडे मागणे करावे लागते. मागणे कसे करायचे आणि उत्तर कोणत्या स्वरूपात मिळायचे, ह्याचे संकेत ठरलेले असतात. जोत्याचे मालक त्यात अधूनमधून दुरुस्त्या करतात. त्यांना अपडेट म्हणतात. पुष्कळदा त्या रात्रीच्या वेळी, वापरणारा झोपलेला असताना आपोआप होतात. आणि मग एखाद्या सकाळी काल संध्याकाळपर्यंत निमूटपणे चाललेला प्रोग्रॅम तोंड फिरवून बसतो. घर फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात, ही म्हण करणाऱ्याने कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता. पण ती येथे तंतोतंत लागू पडते.

आमच्या शाळेत एकदा असेच झाले. निकालाला दोन दिवस उरले होते आणि निकालपत्रके काढण्याचा प्रोग्रॅम उघडेना. मुख्याध्यापकांनी कारकुनांना बोलावून घेतले.

“भाऊसाहेब, काल तुम्ही काय केलंत?”

“मी काहीच केलं नाही, सर. काल सहा वाजता बंद केलं तेव्हा चांगलं चालत होतं.”

“काही केलं नाही, मग बिघडलं कसं?”

ह्या प्रश्नाला भाऊसाहेबांपाशी उत्तर नव्हते. अठ्ठावीस वर्षे चोख नोकरी केलेला तो माणूस मान खाली घालून उभा राहिला. शेवटी बाजारपेठेत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आमचाच एक माजी विद्यार्थी आला. त्याने आल्या आल्या साऱ्या फाइली एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि मगच यंत्राला हात लावला. त्याचा पहिला प्रश्न मोठा मार्मिक होता. “काल चालत होतं, आज चालत नाही. मग मधे बदललं काय?” त्याने दुसरे प्रोग्रॅम उघडून पाहिले, ते चालत होते. म्हणजे यंत्र धड होते. त्याने अपडेटांची यादी काढली. मध्यरात्रीनंतर एक अपडेट बसल्याची नोंद तिच्यात होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पाहायचे, असे म्हणत त्याने तेवढे एक अपडेट काढले, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, आणि निकालपत्रक उघडले. जाताना तो म्हणाला, “सध्या काढलंय. पण कायमचं काढून ठेवू नका हं, सर. सुधारलेलं आलं की घ्या.”

त्या दिवशी दोन प्रश्न विचारले गेले. ‘कोणी केले?’ हा एक, आणि ‘काय बदलले?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नाने एका निरपराध माणसाची मान खाली गेली. दुसऱ्याने काम झाले. बिघाड झाला की दोष जवळात जवळच्या आणि दुबळ्यात दुबळ्या माणसावर जाऊन पडतो. ज्याने रात्री जोते हलवले तो दूर कोठे तरी असतो. समोर असतो तो कारकून. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची ही रीत कॉम्प्युटरच्या युगातही सुटलेली नाही.

परंतु खरा दोष कोणाचा, हा प्रश्न तरी सोपा आहे काय? जोत्याचा मालक म्हणेल, “आम्ही ठरलेला एकही संकेत मोडला नाही. तुमच्या प्रोग्रॅमनेच भलत्या गोष्टीवर भरवसा ठेवला होता.” आणि पुष्कळदा त्याचे म्हणणे खरेही असते. कोणत्याही वस्तूची जी म्हणून सवय लोकांना दिसते, तिच्यावर कोणी ना कोणी विसंबून राहतोच, मग तुम्ही तसे वचन दिलेले असो वा नसो. हायरम राइट ह्या अभियंत्याच्या नावाने हा नियम प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. आपल्या आजींना तो केव्हाच माहीत असतो. रात्री दिवा न लावता त्या देवघरापर्यंत जातात, कारण स्टूल कोपऱ्यातच आहे ह्यावर त्यांचा भरवसा असतो. स्टूल तेथेच राहील असे त्यांना कोणी लिहून दिलेले नसते. तरीही ते हलवून ठेवले आणि त्या ठेचकाळल्या, तर “आम्ही कबूल थोडेच केले होते!” असे कोणता नातू म्हणेल?

जोएल स्पोल्स्की ह्या प्रोग्रॅम-लेखकाने २००४ साली लिहिलेल्या एका लेखात ह्या संदर्भात एक गोष्ट सांगितली आहे. सिमसिटी नावाचा, नगरे वसवण्याचा एक खेळ १९८९ सालापासून लोकप्रिय होता. त्यात एक चूक होती. कॉम्प्युटरच्या स्मृतीतली जागा ‘सोडली’ असे सांगून हा खेळ लगेच पुन्हा तीच जागा वापरत असे. धर्मशाळेतल्या खोलीची किल्ली परत करून पुन्हा त्याच खोलीत पथारी पसरावी, तसे हे होते. जुन्या धर्मशाळेत ती खोली लगेच दुसऱ्याला दिली जात नसे, म्हणून ही लबाडी खपून गेली. विंडोज ९५ ची नवी व्यवस्था कडक होती. तिच्यात हा खेळ कोसळू लागला. चूक उघड उघड खेळाची होती. तरीही विंडोज करणाऱ्यांनी आपल्या जोत्यात खास तजवीज केली. सिमसिटी चालू आहे असे दिसले, तर स्मृतीतली जागा लगेच दुसऱ्याला द्यायची नाही! दुसऱ्याची चूक त्यांनी आपल्या अंगावर घेतली. ह्यात व्यापाराचे शहाणपण होतेच. जुने खेळ आणि जुने प्रोग्रॅम चालले नाहीत, तर नवी विंडोज कोण घेणार? पण स्वार्थातूनही कधी कधी सज्जनपणाचे वळण लागते, ते असे.

लिनस टॉर्व्हाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सच्या गाभ्यातही हाच दंडक आहे. बदलामुळे वापरणाऱ्याचा चालता प्रोग्रॅम मोडला, तर तो दोष बदलाचा मानायचा. प्रोग्रॅमला नावे ठेवायची नाहीत. २०१२ साली एका सहकाऱ्याने बिघाडाचे खापर प्रोग्रॅमवर फोडू पाहिले, तेव्हा टॉर्व्हाल्ड्सने त्याला जाहीरपणे अत्यंत कडक शब्दांत फटकारले होते. भाषा सभ्य नव्हती. तत्त्व मात्र सभ्य होते.

येथे कोणी म्हणेल, मग जोते मुळी हलवूच नये! हा उपाय गोड वाटतो, पण घातक आहे. जमिनीत वाळवी शिरली तर जोते उकरावेच लागते. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये विंडोजमधले एक धोक्याचे छिद्र बुजवणारे अपडेट दिले होते. ज्यांनी ते घेतले नाही, त्यांच्यावर १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचे संकट कोसळले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २३६ ट्रस्टांपैकी किमान ८० ट्रस्टांच्या कामकाजाला त्याची झळ लागली. रोग्यांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. आमचा विद्यार्थी “कायमचं काढून ठेवू नका” असे बजावून गेला, त्यामागे हेच कारण होते.

म्हणजे बदल हे पाप नव्हे. पापपुण्याचा निवाडा बदलाच्या रीतीवरून होतो. जोते हलवणाऱ्याकडे मला तीन देणी दिसतात.

पहिले देणे पूर्वसूचनेचे. ॲपलने ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना आणली आणि तिच्यात ३२ बिटांचे जुने प्रोग्रॅम चालवण्याची सोयच काढून टाकली. मॅकवरचे ऑफिस २०११ त्यामुळे उघडेना. येथे कोणत्याही दुरुस्ती करणाऱ्याची मात्रा चालणार नव्हती. परंतु ॲपलने २०१८ पासून पडद्यावर इशारे दिले होते, आणि ऑफिस २०११ चा आधार मायक्रोसॉफ्टनेही १० ऑक्टोबर २०१७ रोजी थांबवला होता. भाडेकरूला नोटीस मिळाली होती. ती वाचून त्याला समजली काय, आणि नवे घर घेण्याइतके पैसे त्याच्याजवळ होते काय, हे प्रश्न उरतातच. पण अंधारात घाव घातला नाही, एवढे तरी म्हणता येते.

दुसरे देणे परतीच्या वाटेचे. १३ ऑगस्ट २०१९ रोजी आलेल्या विंडोजच्या अपडेटनंतर व्हिज्युअल बेसिक ६ मधले प्रोग्रॅम आणि ऑफिसमधले मॅक्रो, म्हणजे एक्सेलसारख्या प्रोग्रॅमला पढवून ठेवलेली कामे, अडून बसू लागली. व्हिज्युअल बेसिक ६ ही १९९८ सालची. तिच्यात नवे लिहिण्याच्या साधनांचा आधार २००८ सालीच संपला होता. पण तिच्यातले जुने प्रोग्रॅम चालत राहतील असे वचन कंपनीने दिले होते. कंपनीने दोष जाहीरपणे मान्य केला आणि काही दिवसांतच सुधारणा पाठवली. चूक माणसाकडूनच होते. चूक झाली असे म्हणण्याची आणि मागे फिरण्याची सोय ठेवणे, हे मात्र आधीच ठरवावे लागते.

तिसरे देणे ठेवीचे. घर पडले तरी पेटीतले दागिने ज्याचे त्याला मिळाले पाहिजेत. प्रोग्रॅम मरतो, त्यात लिहिलेले पत्र, हिशेब, कविता मरता कामा नये. मराठी माणसाने ह्याचे दुःख पुरेपूर भोगले आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक फॉन्टची अक्षरांची मांडणी निराळी असे. तो फॉन्ट किंवा त्याचा प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालला नाही, की उघडलेल्या पानावर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा मिळाली होती. तरी पुढे कित्येक वर्षे आपला मजकूर त्या जुन्या पेट्यांतच कोंडून पडला. लेखकाचे शब्द त्याचे स्वतःचे. पण किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात!

वाचकहो, आपल्यापैकी फार थोड्यांना ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची आहे. पण कोणाचे ना कोणाचे जोते आपण प्रत्येकजण असतो. बदलीचा हुकूम खिशात ठेवून घरात महिनाभर अवाक्षर न काढणारा बाप, जूनमध्ये पुस्तक बदलून ऑक्टोबरात मुलांना ‘ढ’ ठरवणारा शिक्षक, एका रात्रीत अर्जाचा नमुना बदलून सकाळी रांगेतल्या म्हातारीला परत पाठवणारा अधिकारी, ह्या साऱ्यांना आपण सुधारणाच करीत आहोत असे वाटत असते. कदाचित ती सुधारणा असेलही. तरी आपल्यावर विसंबलेल्या माणसाला आधी सांगितले काय, तो पडला तर त्याला उठवण्याची तयारी ठेवली काय, आणि त्याने इतकी वर्षे जमवलेले त्याच्या हाती राहिले काय, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांना द्यावीच लागतील. समर्थाने केलेल्या बदलाची किंमत दुबळ्याने सकाळी उठून मोजावी, ह्याला प्रगती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.